अडीच लिटरची भिंत : बालेवाडीतल्या एका घराचा पाण्याचा हिशेब

फोन आला तेव्हा मार्च निम्मा सरला होता. बालेवाडीत अकराव्या मजल्यावर थ्री बीएचके, घरात चार माणसं : नवरा-बायको दोघं हिंजवडीला नोकरीला, शाळेत जाणारा मुलगा आणि काकू. काकूंचा जन्म शनिवार पेठेतल्या वाड्यातला, त्यामुळे पहाटे चारला उठून नळाला हंडा लावायची सवय अंगात मुरलेली. सुनेने सांगितलं, "डायनिंगच्या भिंतीवर व्हर्टिकल गार्डन करायचंय. दिसतं छान आणि पाणीही वाचतं ना?"

सोसायटीने त्याच वर्षी फ्लॅटवार मीटर बसवले होते आणि कुणाचं पाणी किती झालं याची यादी लिफ्टशेजारी लागत होती. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, चारही धरणं काठोकाठ भरली तरी या भागातल्या सोसायट्यांचे टँकर काही बंद होत नाहीत. यादीत हे घर वरून तिसरं होतं. एका व्यावसायिकाने त्यांना भिंतीचं कोटेशनही दिलेलं होतं, आणि त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ९० टक्के पाण्याची बचत.

मी विचारलं, "कशाच्या तुलनेत?"

हा प्रश्न त्यांनी त्याला विचारला नव्हता. खरं सांगायचं तर, अशा भिंतींच्या पूर्वीच्या दोन कामांत मीही तो कुणाला विचारला नव्हता. झाड भिंतीवर लावा नाहीतर जमिनीत, ते पाणी पिणारच. घरात एक नवी गोष्ट आणायची, जी रोज पाणी पिते, आणि तिच्यामुळे पाणी वाचतं म्हणायचं, तर तिच्या बदल्यात आधीचं काहीतरी बंद व्हायला हवं. ते काहीतरी काय, हे शोधण्यात पहिले दोन दिवस गेले.

ते बाल्कनीत सापडलं. पश्चिमेची बाल्कनी, ४० कुंड्या, आणि रोज सकाळी साडेआठला मुलगा (म्हणजे काकूंचा मुलगा, क्लायंटचा नवरा) कानात इअरबड घालून ऑफिसच्या कॉलवर बोलत हातातल्या पाइपने झाडांना पाणी घालायचा. कॉल दहा मिनिटांचा, म्हणून पाणीही दहा मिनिटं. मी घरातली १५ लिटरची बादली पाइपखाली ठेवली आणि मोबाइलवर वेळ लावली. १ मिनिट ४० सेकंदांत बादली भरली. मिनिटाला ९ लिटर, म्हणजे दहा मिनिटांचे ९० लिटर. त्यातलं बरंचसं तबकड्यांवरून वाहून दहाव्या मजल्यावरच्या काकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. काकांचं सोसायटीला लिहिलेलं पत्रही मला दाखवण्यात आलं. "झाडांना पाणी घालतोस का अंघोळ?" हे काकू मुलाला रोज विचारत होत्या, पण कॉल चालू असल्यामुळे त्याला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच ४० कुंड्यांना काकूंनी झारीने पाणी घातलं. कुंडीला साधारण अर्धा लिटर, एकूण २० लिटर. हा २० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथेच मी म्हणायला हवं होतं की पाणीच वाचवायचं असेल तर एक झारी पुरे, भिंत नको. म्हटलंही. पण सुनेला भिंत हवीच होती, आणि ते कारण मला पटलं : मेच्या ऊन्हात पश्चिमेच्या बाल्कनीतल्या निम्म्या कुंड्या दरवर्षी जळत होत्या. झाडं आत घेतली तर जगतील, आणि जेवताना समोर हिरवं दिसेल. ठरलं असं की भिंत करायची, पण घरात एरवी वाया जाणारं पाणी तिला पाजायचं.

पहिला प्रयत्न, जो माझ्यामुळे फसला

वाया जाणारं पाणी म्हणजे आरओचं. या घरात पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला १६ लिटर शुद्ध पाणी लागायचं आणि ते काढताना आरओ ३० लिटर मोरीत सोडायचा. टँकरच्या पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही मर्यादा धरतात, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ज्या दिवशी पालिकेचं पाणी यायचं त्या दिवशी याच नळावर माझ्या टीडीएस मोजायच्या पेनने १४० दाखवलं. धरणाचं पाणी मऊ, टँकरने येणारं बोअरचं जड. पण आज टाकीत कुठलं पाणी आहे हे वॉचमनलाही सांगता येत नाही, त्यामुळे आरओ बारा महिने चालू. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्याचं टीडीएस निघालं ८८०.

भिंतीचं माप ८ फूट बाय ७ फूट, म्हणजे सुमारे ५ चौरस मीटर. आम्ही कोटेशनमधलीच फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाची, पद्धत घेतली. तिचा मूळपुरुष म्हणजे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां. धातूचा सांगाडा, त्यावर १० मिमीची पीव्हीसीची पाटी, तिच्यावर पॉलिअमाइडचा फेल्ट दोन पदरी, त्याच्या खिशांत झाडं, आणि वरून ठिबकणारं खतपाणी. माती अजिबात नाही. पॅरिसच्या के ब्रानली संग्रहालयाची भिंत त्यांनी अशीच मढवली आहे. आमच्या भिंतीखाली ४० लिटरची टाकी होती, टाकीतलं पाणी पंपाने वर जायचं, फेल्टमधून झिरपून परत टाकीत यायचं. एक थेंब वाया जात नाही, असं मी मोठ्या अभिमानाने सांगत होते. वाया जात नव्हता हे खरं, आणि गोम तिथेच होती.

झाडं आणि हवा मिळून रोज १० लिटर पाणी उडवत. टाकीत रोज १० लिटर आरओचं पाणी भरायचं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. १० लिटरमागे ८.८ ग्रॅम क्षार रोज टाकीत येणार आणि तिथेच राहणार, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत टीडीएस रोज २२० ने वाढणार. हे गणित शाळेतल्या मुलालाही जमलं असतं. मी ते नवव्या दिवशी केलं, पेनवर २,६०० आकडा बघितल्यानंतर. गणिताप्रमाणे २,८६० यायला हवा होता. उरलेलं कुठे गेलं ते फेल्टवर दिसत होतं : खालच्या कडेला, पाणी सुकतं त्या जागी, मिठागरासारखी पांढरी रेघ. बोटाने खरवडली तर कुरकुर वाजायची.

स्पायडर प्लांटची टोकं आधी करपली. ही झाडं आणि ड्रॅसिना पाण्यातल्या क्षारांची तक्रार सगळ्यांत आधी करतात. मग नेफ्रोलेपिसचे फर्न कडेने तपकिरी होत आत मुडपले. मनी प्लांट निगरगट्ट, त्याला काही झालं नाही. मातीत थोडंफार सांभाळून घेतलं जातं, फेल्टमध्ये मुळं थेट पाण्यातच बसलेली, त्यांना आडोसा नाही. पाचव्या आठवड्यात ड्रिपर, म्हणजे पाणी ठिबकवणाऱ्या बारीक तोट्या, बंद पडायला लागले. बोलावलेला फिटर मूळचा इंदापूरकडचा, घरी ठिबकवर ऊस. त्याने एक ड्रिपर दाताने उघडला, आत बघितलं आणि म्हणाला, "बोअरचं पाणी हाय मॅडम, चोक होणारच. गावाकडं लॅटरलच्या नळ्यांत ॲसिड सोडतो आम्ही." डायनिंग टेबलशेजारी ॲसिड सोडायची माझी तयारी नव्हती.

त्याच आठवड्यात टाकीला वास यायला लागला. काकूंनी तांदूळ धुतलेलं पाणी रोज टाकीत ओतलं होतं, झाडांना चांगलं म्हणून. कुंडीला ते चांगलंच, बंद टाकीत मात्र त्याचा बुळबुळीत साका होतो आणि बारीक चिलटं धरतात. काकूंना मी सांगितलं की हे पाणी तुम्ही बाल्कनीतल्या कुंड्यांनाच घाला, आणि त्याच दिवशी घाला. त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचंस ना गं. मला वाटलं, ही टाकी म्हणजे हौदच." त्यांचं बरोबर होतं. मी घरात एक यंत्र बसवलं होतं आणि ते रोज ज्यांच्या हाताखाली राहणार त्यांनाच ते समजावलं नव्हतं.

एसीचं पाणी

मधल्या काळात एसीच्या पाण्याचीही आशा लावून बघितली. ते जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी, क्षार नाहीतच. पण एसीच्या नळीतून पडतो तो हवेतलाच ओलावा, आणि पुण्याच्या एप्रिलमधल्या हवेत तो असतो कुठे? एका बेडरूमच्या नळीला रात्रभर कॅन लावला, सकाळी जेमतेम दीड लिटर. मुंबईत याच एसीखाली बादली भरली असती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा दमट झाली तेव्हा एका रात्रीत ६ लिटर मिळालं, आणि चार दिवसांनी पाऊस आला म्हणून एसीच बंद झाले. झाडांना पाण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हा पुण्यात एसी पाणी देत नाही. काकू आता ते दीड लिटर बाटलीत भरून फर्नवर फवारतात, तेवढ्यापुरतं ते उत्तम.

अदलाबदल

उत्तर मिळालं ते फरशी पुसायला येणाऱ्या मावशींकडे बघताना. त्या रोज ८ लिटरच्या दोन बादल्या नळाखाली भरायच्या. १६ लिटर ताजं पाणी, फरशीवर फिरवायला. आणि ज्या मुळांना क्षार सोसत नाहीत त्यांना मी आरओचं पाणी पाजत होते! भिंतीचं पाणी फरशीला द्यायचं आणि फरशीचं भिंतीला, एवढंच करायचं होतं. घराच्या मीटरला दोन्ही सारखंच.

सिंकखाली २० लिटरचा तोटीचा कॅन ठेवून आरओची नळी त्यात सोडली. मावशी बादली तिथूनच भरतात. उरलेलं १४ लिटर पाणी संडास-बाथरूम धुवायला जातं. फिकट व्हिट्रिफाइड टाइलवर त्याचे डाग दिसत नाहीत.

मग फेल्ट उतरवला. त्या जागी १२० कुंड्या, १० च्या १२ ओळी, कोकोपीट, गांडूळखत आणि परलाइट यांच्या मिश्रणाच्या. पाणी वरून घालायचं, थोडं खालच्या पन्हाळीत उतरू द्यायचं, आणि पन्हाळीतलं परत वर न नेता बाल्कनीतल्या कुंड्यांना घालायचं. पाण्याबरोबर क्षारही भिंतीतून बाहेर पडतात. पावसाळ्यात पालिकेचं मऊ पाणी येतं तेव्हा दोनदा दुप्पट पाणी सोडून कुंड्या धुऊन काढायच्या. भिंतीपासून ५० मिमी पोकळी सोडून पीव्हीसीची पाटी ठेवली आहे. पलीकडे बेडरूमचं कपाट आहे आणि ओल आली तर पहिली तिथे दिसली असती.

कुंडीला एक ड्रिपर, ताशी २ लिटरचा. पंप मिनिटाला ४ लिटर देणारा, टायमरवर तीन मिनिटं : १२ लिटर, म्हणजे कुंडीला १०० मिलिलिटर, आपली अर्धी वाटी. कागदावर. प्रत्यक्षात काय होतं ते बघायला काकूंच्या स्टीलच्या वाट्या मागून घेतल्या, वरच्या ओळीत चार आणि तळाच्या ओळीत चार ड्रिपरखाली लावल्या आणि पंप सुरू केला. वरच्या वाट्यांत ७० मिलिलिटर, खालच्या वाट्यांत १३०. सात फुटांच्या उंचीने साध्या ड्रिपरमध्ये एवढा फरक पडतो. वरची झाडं सुकणार, खालची कुजणार, आणि मग घरातलं कुणीतरी वरच्यांसाठी टायमर पाचवर नेणार. अशा भिंती जास्त पाणी खायला लागतात त्या बहुधा इथूनच. फिटरने पीसी ड्रिपर लावले, जे दाब बदलला तरी तेवढंच पाणी सोडतात. वाट्या पुन्हा लावल्या तेव्हा सगळ्या ९५ ते १०५ च्या मध्ये. काकूंना हा प्रयोग इतका आवडला की आता दर महिन्याला त्या चार वाट्या लावून बघतात. पाण्याच्या वाटेवर १२० मेशचा, म्हणजे बारीक जाळीचा, फिल्टर आहे, तो दर पंधरवड्याला नळाखाली धरून धुवायचा.

उजेडाचं थोडक्यात. सरकत्या दाराकडच्या टोकाला सकाळी दहाला ९०० लक्स, स्वयंपाकघराकडच्या टोकाला १८०. दाराकडे सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन आणि फर्न, आतल्या टोकाला अग्लोनेमा आणि मनी प्लांट, सहा कुंड्या झेडझेड नावाच्या झाडाच्या. त्यातल्या दोन पहिल्या महिन्यात रोजच्या अर्ध्या वाटीनेच कुजल्या, आता त्या सहांचे ड्रिपर बंद आहेत आणि आठवड्यातून एकदा हाताने पाणी. कमी उजेडातलं झाड कमी पितं, हे टायमरला कळत नाही. १२ वॉटचे चार दिवे आठ तास, महिन्याला साडेअकरा युनिट. स्पायडर प्लांट पुन्हा लावला नाही. बाकीची रोपं उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून आणली.

हिशेब

एप्रिलमधला एक दिवस धरू. आधी : पाइपचे ९० आणि फरशीचे १६, मिळून १०६ लिटर ताजं पाणी. आता भिंतीला १२. बाल्कनीत १४ कुंड्या उरल्या, त्यांना ७ लिटर लागतं, त्यातलं दीड पन्हाळीतून मिळतं, म्हणजे ताजं साडेपाच. फरशीला ताजं पाणी नाही. एकूण साडेसतरा. रोजचे साडेअठ्ठ्याऐंशी लिटर वाचले, महिन्याला २,६५५. दहा हजार लिटरच्या टँकरचा चौथा हिस्सा आणि वर थोडं. लिफ्टशेजारच्या यादीत घर बरंच खाली उतरलं.

आता याची फोड करू. ४० कुंड्यांना झारीने घातलं असतं तरी २० लिटरच लागलं असतं. म्हणजे ७० लिटर वाचले ते पाइप ठेवून दिल्यामुळे. १६ लिटर वाचले ते आरओच्या नळीखाली कॅन ठेवल्यामुळे. भिंतीच्या नावावर उरले २० वजा साडेसतरा, अडीच लिटर. दोन-अडीच तांबे.

आणि गंमत बघा, ९० टक्केवालाही खोटं बोलत नव्हता. ९० लिटरच्या जागी १२, म्हणजे ८७ टक्के बचत झालीच. फक्त त्याने भिंत मोजली होती पाइपशी, झारीशी नाही.

सुनेसमोर मी ही फोड ठेवली तेव्हा ती हिरमुसेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "पण भिंत नसती तर आम्ही पाइप सोडला असता का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बादली-वाट्या-पेन घेऊन घरभर फिरायला निमित्त भिंतीचंच झालं होतं. तिच्या नवऱ्याचा साडेआठचा कॉल अजूनही चालू असतो, आता तो कॉलवर असताना पन्हाळीखालचा डबा उचलून बाल्कनीत नेतो.

भिंतीचा दुसरा फायदा मी मोजला, तोही माफक निघाला. दिवसाला साधारण १० लिटर पाणी भिंतीवरून हवेत जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते, म्हणजे दिवसाला पावणेसात-सात युनिट, चोवीस तासांत विभागली तर तीनशे वॉटच्या आत. दीड टनाचा एसी चालू असताना सव्वापाच हजार वॉटच्या आसपास उष्णता ओढतो. भिंत एसीची जागा घेणार नाही, पण वाळ्याचे पडदे आणि माठ याच तत्त्वावर चालत आले आहेत, आणि एप्रिलच्या कोरड्या दुपारी डायनिंगला बसलं की फरक जाणवतो. जुलैत हाच ओलावा नकोसा होतो. तेव्हा टायमर एका मिनिटावर, ४ लिटर, आणि दार उघडं.

हवा शुद्ध होते हा मुद्दा मी माझ्या प्रस्तावात येऊ दिला नाही, कोटेशनमध्ये तो होता. १९८९ मध्ये नासाने केलेले प्रयोग बंद पेटीतले होते. २०१९ च्या एका आढाव्यात हिशेब मांडला गेला की नुसत्या हवेच्या येण्याजाण्याएवढं काम झाडांकडून हवं असेल तर दर चौरस मीटर जमिनीला १० ते १००० झाडं लागतील. त्यापेक्षा खिडकी उघडावी. डासांचं मात्र बघावं लागतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पिढी तयार, म्हणून पन्हाळ रोज रिकामी आणि टाकीला जाळीचं झाकण.

फेल्ट, टाकी, पहिली झाडं हा पहिल्या प्रयत्नाचा खर्च मी क्लायंटकडून घेतला नाही. पांढरी रेघ असलेला फेल्टचा वीतभर तुकडा माझ्या ऑफिसात आहे. भिंत बघायला येणाऱ्यांना मी तो आधी हातात देते.

दहा महिने झाले. १२० पैकी ९ रोपं बदलावी लागली, बहुतेक फर्न. एका गुरुवारी पालिकेचं पाणी बंद आणि टँकरही उशिरा आला, तेव्हा कोकोपीटने दीड दिवस तग धरला. फेल्ट असता तर संध्याकाळी माना पडल्या असत्या.

एक सांगायचं राहिलं. दारातला उंबरठा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, त्यावर आरओच्या पाण्याचे पांढरट ओघळ उठतात. मावशींनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली होती. तेवढा उंबरठा त्या नळाच्या पाण्याने पुसतात, अर्धा मग. तो मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.